‘काका, आता गाडीच सगळं सांगते!’ – त्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘काका’ म्हणालात ते आवडलं. टोमणा म्हणून म्हणालात हे कळलं, तरी आवडलं. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, तेव्हा उत्तरही दोन ओळींत उरकत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, गाडीत टीपीएमएस म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असली, तरी महिन्यातून एकदा गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं मीटर, लावून हवा बघा. त्यावर तुमचे तीन मुद्दे. तुमच्या गाडीत स्क्रीनवर चारही टायरांचे आकडे दिसतात, मग गेज कशाला? हवा कमी झाली तर दिवा लागतोच. नाही लागला, म्हणजे सगळं ठीक. आणि स्क्रीनमुळेच तुम्हाला कळलं की हायवेवर हवा ३३ पीएसआयची (हे दाबाचं एकक) ३७ होते, म्हणून वाटेत थांबून तुम्ही ती परत ३३ वर आणता. ‘तुमच्या गेजने हे कधी सांगितलं असतं का?’ असा वर सवाल.

पहिल्या मुद्द्यावर मी चुकलो. टीपीएमएस दोन जातींची असते आणि मी दोघींना एकाच माळेत ओवलं. तुमच्या गाडीत प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या बुडाशी, रिमच्या आतल्या बाजूला एक सेन्सर आहे. तो खरोखर दाब मोजतो आणि रेडिओ लहरींवर आकडा पाठवतो. दुसऱ्या जातीत चाकात काहीच नसतं. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याची फिरती त्रिज्या घटते आणि तेवढंच अंतर कापायला तो बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतो. एबीएससाठी (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचा वेग मोजणारे सेन्सर आधीपासून असतातच, त्यांच्याकडून हा फरक पकडला जातो. स्वस्त आणि हुशार काम, पण या गाडीला टायरात किती हवा आहे हे ठाऊकच नसतं. कालच्यापेक्षा आज वेगळं काही चाललंय, एवढंच कळतं. चारही टायर मिळून सारखेच उतरले, तर फक्त चाकांची आपसांत तुलना करणाऱ्या जुन्या यंत्रणांना त्याचा पत्ता लागत नाही. नव्या यंत्रणा चाकाची कंपनंही तपासतात, म्हणून त्या बऱ्या.

मी तो लेख लिहिताना डोळ्यांसमोर ही दुसरी जात होती, कारण माझी आधीची गाडी तीच. एका थंडीत सकाळी घाईच्या वेळी दिवा लागला. हवा भरून मग रीसेटचं बटण दाबायचं असतं. मी हवा न भरताच दाबलं. दिवा गेला, मीही निर्धास्त. त्या बटणाने मी गाडीला सांगून बसलो होतो की ‘आत्ता आहे तीच हवा बरोबर’, आणि गाडीने ते मुकाट्याने मान्य केलं. चार-पाच महिन्यांनी पुढच्या टायरांकडे लक्ष गेलं, तर दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधली नक्षी शाबूत. गेज लावला, २५. दोष गाडीचा नव्हता, माझाच होता. पण गेजवरचं माझं प्रेम तेव्हापासूनचं आहे, तुम्हाला वाटतं तशी ती तंत्रज्ञानाची धास्ती नाही.

तुमच्याकडे आकडे दिसतात, तेव्हा महिन्याला गेज लावायची गरज नाही, हे मान्य. फक्त आकडा कधी बघायचा ते महत्त्वाचं. बॅटरी वाचावी म्हणून गाडी उभी असताना सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो आणि चाक फिरू लागलं की जागा होतो. त्यामुळे निघण्याआधी कित्येक गाड्यांत नुसत्या रेघा दिसतात किंवा मागच्या प्रवासातला शेवटचा आकडा दिसतो. रात्रभर उभ्या गाडीने निघाल्यावर पहिल्या किलोमीटरभरात जो आकडा येतो, तो खरा.

आता दुसरा आणि तिसरा मुद्दा. ते मी एकत्र घेतो, कारण तिसऱ्यात तुम्ही जे करता ते दुसऱ्यातला दिवा तुम्हाला कधीच सांगणार नाही.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला ३३ हा थंड टायरचा आकडा आहे. टायर धावला की तापतो, आतली हवाही तापते आणि दाब तीन-चार पीएसआयने चढतो. तो चढणार हे धरूनच ३३ ठरवलेले असतात. म्हणजे ३७ दिसले तेव्हा काही बिघडलेलं नव्हतं. तुम्ही तिथे थांबून हवा काढलीत आणि तापलेल्या टायरला ३३ वर आणलंत. गाडी घरी येऊन गार झाली की तेच टायर २९ च्या आसपास उतरतात. हिशेब साधा आहे, फक्त गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवून आणि तापमान केल्विनमध्ये धरून करायचा. ३३ आणि ३७ यांच्यामध्ये टायरातली हवा साधारण २५ अंशांनी तापलेली असते, तेवढी ती गार होऊ द्या आणि बघा.

पुढे ऋतू बदलला आणि सकाळी आणखी १५ अंशांनी थंडी असली, तर २९ चे २७ होतात. पंक्चर नसलेल्या धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण एखादा पीएसआय रबरातून निसटतो, तो वेगळाच. आणि दिवा? अमेरिकेच्या नियमानुसार तो शिफारशीच्या २५ टक्के खाली लागला पाहिजे. ३३ साठी हा आकडा येतो पावणेपंचवीस! युरोपच्या नियमात २० टक्के आहेत, ते थोडं बरं. तरी तुमचे २७ दोन्हीकडे बिनबोभाट चालून जातील.

हा उंबरठा इतका खाली का, याचं उत्तर इतिहासात आहे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनचे टायर बसवलेल्या फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे अपघात गाजले. धावत्या गाडीत टायरचा वरचा थर सुटून यायचा आणि गाडी उलटायची. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या प्रत्येक हलक्या वाहनात ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात सगळ्या नव्या कारना ती नोव्हेंबर २०१४ पासून. टायर फुटण्याआधी माणसाला उठवणं हे या दिव्याचं काम. टायर नीट झिजतोय का, पेट्रोल जास्त जातंय का, ब्रेक मारल्यावर गाडी कशी वागते, हे त्याच्या कक्षेत येत नाही. त्या प्रकरणातल्या वादाचा एक मुद्दा तर हवा हाच होता: फोर्डची शिफारस २६ पीएसआयची, आणि फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी. चार पीएसआयचा फरक, तुम्ही वाटेत काढता तेवढाच. तुमची गाडी वेगळी, टायर वेगळे, मी घाबरवत नाहीये. पण कमी हवेने टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि वाकण्याने तापते. म्हणजे उष्णता कमी करायला म्हणून हवा काढली, तर होतं नेमकं उलटं.

‘सेन्सर कधी खोटं बोलत नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. खोटं बोलत नाही, पण मरतो. आतली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि ती बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. तेव्हा दिवा आधी मिनिट-सव्वा मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. नुसता स्थिर दिवा म्हणजे हवा कमी, लुकलुकून स्थिर झालेला म्हणजे यंत्रणेतच बिघाड. हे माहीत नसल्याने लोक बिघाडाच्या दिव्यावर हवा भरत बसतात. जाता जाता: सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल, तर त्यावर शोभेची पितळी टोपी लावू नका. दोन धातू मिळून गंजतात, टोपी जाम होते, आणि जोर लावून काढायला गेलात की व्हॉल्व्हच हातात येतो.

स्टेपनीबद्दल विचारलंत. बहुतेक गाड्यांत तिच्यात सेन्सर नसतो, म्हणजे पाचवा आकडा स्क्रीनवर येणारच नाही, तिथे गेजच लागतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या स्टेपनीची हवा मी शेवटची कधी बघितली, ते मलाही आठवत नाहीये. हे पोस्ट करून खाली जातो.

– काका