‘इंजिन तापलं की काजळी जळते’ हे खरं नाही

उसाचा हंगाम तोंडावर आला की लातूर, बीड, धाराशिवकडच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. इंजिन जितकं तापेल तितकी काजळी जळते. काळा धूर म्हणजे डिझेलमध्ये रॉकेल. सायलेन्सरपुढे धरलेला रुमाल पांढराच राहिला तर धूर निर्धोक. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि पहिली ऐकून तापलेलं इंजिन तसंच हाणलं तर हेड गॅस्केट जाते.

मीटरवर दिसतं ते पाण्याचं तापमान, ८०-९० अंशांचं. काजळी धरते ती सिलिंडरमधल्या ज्वाळेत. तिथली उष्णता काय करते, हे शॉक ट्यूबमध्ये मोजलेलं आहे. नळीतला पातळ पडदा दाबाने फाटतो, आघाताची लाट धावते आणि आरगॉनमध्ये मिसळलेली इंधनाची वाफ क्षणात तापते. मग आरपार सोडलेल्या लेझरचा प्रकाश किती कमी झाला त्यावरून काजळी किती ते काढतात. तापमान वाढवत नेलं की काजळी आधी वाढते, साधारण १५०० ते १७०० अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त होते, त्याहून बरंच वर गेल्यावर उतरते. उतरते तीही जळून नव्हे, कारण आरगॉनमध्ये जाळायला ऑक्सिजनच नसतो. कण ज्यांपासून बनतात ते रेणूच त्या उष्णतेत टिकत नाहीत. काजळी जाळायची तर हवा हवी.

म्हणूनच काळा धूर दिसला की आधी एअर क्लीनर उघडा. रोटाव्हेटरच्या धुळीने तो चोंदलेला असतो, नाहीतर डिझेलचं नोझल नीट फवारत नसतं. रॉकेलचं म्हणाल तर ते डिझेलपेक्षा कमीच काजळी धरतं. भेसळ वाईटच, पंपाचं वंगण जातं. पण धुराच्या रंगावरून ती ओळखता येत नाही.

रुमालाचं तत्त्व खोटं नाही. फिल्टर कागदातून धूर ओढून काळेपणा मोजायची रीत आहेच, पण तिथे धूर मोजून घेतात. रुमालातून किती गेला, कुणाला ठाऊक? पीयूसीत धुरातून प्रकाश सोडतात आणि तो धुरात किती अडतो ते मोजतात. बीएस-४ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाडीला त्या अडण्याची मर्यादा दर मीटरला १.६२. पण ५० नॅनोमीटरखालचे कण त्या प्रकाशालाही नीट सापडत नाहीत, म्हणून बीएस-६ मध्ये डिझेल मोटारींच्या धुरातल्या कणांची संख्या मोजायचा नियम आला. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. ट्रॉलीत लेकरं घेऊन बसलेल्या ऊसतोड कामगारांना रुमाल दाखवून ‘काही होत नाही’ म्हणू नका.