१९४२चा रोझ बोल रद्द झालाच नव्हता

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यामुळे १९४२चा रोझ बोल रद्द झाला, असं बिनदिक्कत लिहिलेलं हल्ली फिरतंय. (हा अमेरिकन फुटबॉल बरं का, लांबट चेंडूचा. कॉलेज संघांचा मोसम संपल्यावरचा मानाचा सामना.) अर्धवट माहिती आहे ही. पश्चिम किनाऱ्यावर गर्दी नको म्हणून लष्कराने हरकत घेतली आणि कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात, म्हणजे नेहमीच्या ठिकाणी, होणारा सामना बारगळला, इथपर्यंत ठीक. पण ड्यूक विद्यापीठाने यजमानपद मागून घेतलं आणि १ जानेवारी १९४२ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये, भर पावसात, सामना झाला. प्रेक्षकांसाठी शेजारच्या विद्यापीठांतून लाकडी बाकं उसनी आणली होती. ओरेगन स्टेटने ड्यूकला घरच्या मैदानावर २०-१६ हरवलं.

खरी बोच वेगळीच आहे. ओरेगन स्टेटचा खेळाडू जॅक योशिहारा जपानी वंशाचा, म्हणून त्याला संघासोबत जाऊच दिलं नाही. पुढे त्याची रवानगी जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवायच्या छावणीत झाली. ‘रद्द झाला’ म्हटलं की तोही या गोष्टीतून गायब!

आणि ‘पॅसाडेनाबाहेर तेवढा एकदाच’ हेही आता जुनं झालं. कोविडमुळे २०२१चा सामना टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला झाला.