फावडं पोरांच्या हातात, ड्रॉइंग कुणाच्या?

येमेनी, अफगाण, सुदानी विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. कोंढव्यात, कॅम्पात रोज दिसतात. आणि त्यांच्याबद्दल एक वाक्य हमखास कानावर पडतं: "शिकून झालं ना? मग जावं की परत, उभा करावा आपला देश." म्हणणाऱ्या काकांचा मुलगा बहुधा न्यू जर्सीत असतो, पण ते जाऊ द्या.

मी सिव्हिलच्या मुलांना काँक्रीट शिकवतो. मागे एक येमेनी पोरगा काँक्रीटचा ठोकळा (क्यूब) ताकद तपासायला फोडून झाल्यावर लॅबमध्येच रेंगाळला. "सर, आगीत सापडलेला कॉलम ठेवायचा की पाडायचा, हे कसं ठरवायचं?" आमच्या अभ्यासक्रमात हे जवळजवळ नाहीच. म्हटलं, आधी रंग बघ. साधारण 300 अंशांच्या पुढे तापलेलं काँक्रीट बऱ्याचदा गुलाबीसर होतं, त्याहून फार तापलं की राखाडी-पांढुरकं. मग रिबाउंड हॅमर लाव (आपटून पृष्ठभागाचा कडकपणा सांगणारं उपकरण), शंका वाटली तर कोअर, म्हणजे आतला नळकांड्यासारखा नमुना, कापून काढ. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि मोबाइलवर त्याच्या जुन्या शाळेचा फोटो दाखवला. फोटो रात्रीचा. रंग काही कळेना.

युद्ध संपलं की तरुणांना काम मिळत नाही असं नाही. भरपूर मिळतं, बिनपगारी. 1947 साली युगोस्लाव्हियात शामात्स ते सारायेवो ही साधारण 240 किलोमीटरची रेल्वे तरुणांच्या श्रमदान पथकांनी टाकली. दोन लाखांवर पोरं-पोरी, एप्रिल ते नोव्हेंबर. दिवसा कुदळ-फावडं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी अक्षरओळखीचे वर्ग. वाचताना ऊर भरून येतो. (आमच्या एनएसएस कॅम्पात आम्ही मुख्यतः खिचडी केली.) पण देश कसा चालणार हे ठरवलं सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षानं, या पोरांना कुणी विचारलं नाही. पुढे युगोस्लाव्हिया फुटला, बोस्नियात युद्ध पेटलं आणि 1992 मध्ये त्याच सारायेवोला वेढा पडला. त्यात रेल्वेचा दोष नाही. पण एकत्र घाम गाळला की मनं आपोआप जुळतात, हे आपलं लाडकं गृहीतक तिथे काही टिकलं नाही.

म्हणून मला बोस्नियातल्याच यायत्से गावच्या शाळकरी मुलांचं जास्त कौतुक वाटतं. ते युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन करारानंतर बोस्नियातल्या काही भागांत 'एका छपराखाली दोन शाळा' असा प्रकार रुजला. बोस्नियाक (बहुतेक मुस्लिम) मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, क्रोएट (बहुतेक कॅथलिक) मुलांचा वेगळा. वर्ग वेगळे, कुठे कुठे दारंसुद्धा वेगळी. यायत्सेतली मोठी मुलं मात्र एकत्र शिकत होती. प्रशासनानं तिथेही वेगळी शाळा काढायचा घाट घातला, तेव्हा दोन्हीकडची मुलं मिळून रस्त्यावर उतरली. 2017 मध्ये तो बेत बारगळला. पुढच्या वर्षी त्यांना अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठीच्या कामाचा मॅक्स व्हान डर श्टुल पुरस्कारही मिळाला. ही मुलं युद्ध संपल्यानंतर जन्मलेली. त्यांनी एक भिंत होऊ दिली नाही. माझ्या लेखी हेही बांधकामच.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 2015 साली ठराव 2250 करून सांगितलं, 18 ते 29 वयाच्यांना शांततेच्या निर्णयांत सामील करा. ठराव उत्तम. पण शांतता करारांच्या सह्यांचे फोटो काढून बघा, टेबलाभोवती सगळी आजोबामंडळी. रवांडानं निदान संसदेच्या 80 जणांच्या सभागृहात 2 जागा तरुणांसाठी राखल्या आहेत. दोनच, पण आहेत.

आणि परत जायचं म्हणजे दार तरी उघडं हवं ना! 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, डिसेंबर 2022 पासून तिथे मुलींना विद्यापीठ बंद. इथे एम.ए. करणाऱ्या अफगाण मुलीनं परत जाऊन नेमकं काय उभं करायचं, हे त्या काकांनीच सांगावं.

आपल्या हातात फार नाही, पण फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. दरवर्षी तेच ते विषय: फ्लाय अ‍ॅश आणि पार्किंग. त्यापेक्षा येमेनमधल्या ताइझ शहरात पडक्या इमारतींचा असतो तसल्या राडारोड्याची खडी केली तर तिचं काँक्रीट किती भार घेईल, हे येमेनच्या पोरानं इथे तपासून का न्यायचं नाही? राडारोड्याला पुण्यात तोटा नाही, नदीकाठी ढिगानं पडलाय. यंदा आमच्याकडचा एक गट तयार झालाय. अडलंय ते क्रशरवर. कुणाच्या ओळखीत खडी क्रशरवाले असतील तर इनबॉक्स करा. डिझेलचे पैसे आम्ही देऊ.