नॅनो-स्कॅनच्या फॉरवर्डवर विसंबून बायोप्सी टाळू नका

'नॅनोपार्टिकलचं एक इंजेक्शन घ्या, शरीरात कुठेही पसरलेला कॅन्सर काही महिने आधीच दिसतो. बायोप्सी नको, साइड इफेक्ट शून्य. कंपन्यांनी हे दडपून ठेवलंय.' असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो वाचून कुणी ठरलेली तपासणी पुढे ढकलू नये, म्हणून हे लिहिते आहे.

'कुठेही, काही महिने आधी.' असे मथळे 2017 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधनावर आले होते. तिथे नॅनोकणांनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांनी, सोडलेला इन्फ्रारेड प्रकाश टिपून कॅन्सरचे अगदी बारीक ठिपके एमआरआयच्या आधी शोधले गेले. काम मोलाचंच आहे, पण ते उंदरांवरचं. उंदराच्या शरीरातून तो प्रकाश बाहेर येतो. माणसाच्या कण्यातून किंवा पोटाच्या खोल भागातून येताना वाटेतच विरतो.

माणसांमधला भक्कम पुरावा आहे तो लिम्फ नोडचा, म्हणजे शरीरभर असलेल्या छोट्या लसीका गाठींचा, जिथे कॅन्सर पसरू शकतो. लोह-ऑक्साइडचे कण सलाइनमधून देतात आणि साधारण एका दिवसाने एमआरआय काढतात. निरोगी नोडमधल्या मॅक्रोफेज नावाच्या, बाहेरचे कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी हे कण गिळतात, त्यामुळे नोड काळा दिसतो. कॅन्सरने जागा बळकावली असेल तिथे कण गिळायला त्या पेशीच नसतात, म्हणून तेवढा भाग पांढुरका राहतो. म्हणजे कण कॅन्सरला चिकटत नाहीत, ते निरोगी भाग दाखवतात! 2003 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या 80 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सर सापडलेल्या 63 नोडपैकी 45 नोड नेहमीच्या निकषांनी संशयास्पद ठरलेच नसते. साध्या एमआरआयला कॅन्सर असलेले 35.4 टक्के नोड ओळखता आले, कण दिल्यावर 90.5 टक्के. हे आकडे वाचून आजही मला भरून येतं. पण ते लिम्फ नोडचे आहेत. फुप्फुस, हाड, मेंदू यांना ते लावता येत नाहीत.

'बायोप्सी नको.' नोडमध्ये चरबी असेल किंवा सूज असेल, तरी पांढुरका भाग दिसू शकतो. खात्री पेशी तपासूनच होते. उलट, स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतला नेमका कुठला नोड काढून तपासायचा हे शोधायला लोह-कणांचं एक इंजेक्शन अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं. म्हणजे तिथे हे कण बायोप्सीच्याच मदतीला येतात.

'साइड इफेक्ट शून्य' हे तर धोकादायक विधान आहे. फेरुमॉक्सिटॉल हे याच जातीचं लोहाचं औषध, ॲनिमियासाठी देतात. जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीमुळे अमेरिकेतल्या औषध नियामक एफडीएने 2015 मध्ये त्यावरचा इशारा आणखी कडक केला.

राहिलं 'दडपलं'. 2003 च्या अभ्यासातलं फेरुमॉक्सट्रान-10 हे औषध 2005 मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीपुढे गेलं, आणि समितीने मंजुरीच्या विरोधात कौल दिला. युरोपात 2007 मध्ये कंपनीनेच अर्ज मागे घेतला. हे सगळं जाहीर नोंदीत आहे. नेदरलँड्समधल्या नाइमेखनला त्यावरचं काम पुढेही चालू राहिलं.

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलाय का हे पाहायला आज मुंबई-पुण्यात पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन शोधणारा स्कॅन) होतो. घरात कुणाला त्याची किंवा बायोप्सीची तारीख मिळाली असेल, तर ती चुकवू नका. हा फॉरवर्ड त्याच भेटीत डॉक्टरांना दाखवा.