घर एकच, शिस्त एकच, मग पोरं वेगळी कशी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, पालकत्वावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं पण ते जरा तिखट व्हायला लागलं म्हणून थांबलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी पोरांच्या प्रत्येक गोष्टीचं खापर आईबापांवर फोडतो. तुमच्या घरात दोन मुलं, शिस्त तीच, थोरली मजेत आणि धाकटा चौदाव्या वर्षी खोलीची कडी लावून बसतो, म्हणून तुम्ही शेवटी कडीच काढून टाकलीत. "स्वभावाला औषध नसतं, मग पालकत्वावर लेख कसले पाडता" हा वरून टोला.

खापराचं अर्धं मान्य. लेखात मी आईबाप असं वागले की पोरं तशी होतात असा एकेरी रस्ता दाखवला, ते चुकलंच. रिचर्ड बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की पोरंही आईबापांना वळण लावत असतात. चिडकं पोर हुज्जत घालतं, आपण आवाज चढवतो, ते आणखी चढवतं, शेवटी आपण दमून "कर काय करायचं ते" म्हणतो आणि घर एकदम शांत होतं. म्हणजे त्याला कळलं की ताणलं की मिळतं आणि आपल्याला कळलं की सोडून दिलं की सुटका होते. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांच्या टीमने घराघरात बसून हेच चक्र टिपलं होतं. यात सुरुवात कोणी केली ते शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

पण "शिस्त तीच" इथे माझं तुमच्याशी जमत नाही. थॉमस आणि चेस या डॉक्टर नवराबायकोंनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून १३३ मुलांचा अगदी तान्हेपणापासून पाठपुरावा केला. काही पोरं पहिल्यापासूनच सहज रुळणारी, काही बुजरी, काही हट्टी. पण त्यांचा मुद्दा नुसता स्वभावाचा नव्हताच, स्वभाव आणि घर यांचा मेळ बसतो की नाही हा होता. "एवढेच मार्क?" हे तुम्ही दोघांनाही एकाच आवाजात विचारलं असेल हो, पण थोरली खांदे उडवून निघून गेली असेल आणि धाकटा तेच वाक्य रात्री दोन वाजेपर्यंत उगाळत बसला असेल. मुळात काळजीखोर पोरं जास्त करून आत आत कुढतात, तापट आणि धरबंद नसलेली बाहेर उसळतात. कल असतो तसा, विधिलिखित नाही.

माझंच सांगतो. आमच्याकडे मार नव्हता, आरडाओरडाही नव्हता, आईचा अबोला होता. तीन-तीन दिवस. ताट आदळायची नाही ती, उलट इतकं अलगद ठेवायची की आवाजच यायचा नाही, आणि त्या अलगद ठेवण्यानेच माझ्या पोटात गोळा यायचा. भाऊ मजेत जेवून खेळायला पळायचा. मी मात्र दारामागे उभा राहून तिच्या पावलांवरून अंदाज घ्यायचो की आज बोलेल का. एकच आई, एकच अबोला (आणि तिच्या बाजूने बघितलं तर तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं कोणी). ब्रायन बार्बर या संशोधकांनी १९९६ मध्ये हा फरक नीट मांडला: वागण्याला नियम लावणं वेगळं आणि प्रेम रोखून धरून, अपराधी वाटायला लावून मन ताब्यात ठेवणं वेगळं. नियमांना पोरं कुरकुरतात, पण दुसऱ्या प्रकाराचा संबंध उदासीशी दिसतो.

आणखी एक चूक कबूल करतो, तुम्ही पकडली नाहीत तरी. लेखात मी "पोरांवर लक्ष ठेवा" असं ठोकून दिलं होतं. स्टॅटिन आणि कर या संशोधकांनी २००० साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात निघालं की आईबापांना पोरांबद्दल जे माहीत असतं त्यातलं बरंचसं पोरांनी आपणहून सांगितलेलं असतं. पाळत ठेवून, खोदून खोदून विचारून फारसं हाती लागत नाही.

म्हणून तुमच्या कडीबद्दल. मी असतो तर ती परत बसवली असती आणि बसवताना त्याच्याकडूनच स्क्रू धरून घेतले असते, भाषण न देता. एवढ्याने तो बोलायला लागेल असं नाही म्हणत मी, महिनाभर काहीच होणार नाही कदाचित. मात्र दोन आठवड्यांच्या वर झोप-जेवण बिघडलेलं असेल, आवडीच्या गोष्टीही सुटल्या असतील, तर स्वभाव म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. आणि मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा करणं असं काही दिसलं तर दोन आठवडे कसले मोजता, त्याच दिवशी न्या, तोवर एकटं सोडू नका, आणि मग कडीचा विषयही बाजूला ठेवा. थोरलीला विचारलंत का, तिच्याशी तो काही बोलतो का ते?