माप कुणी घेतलं होतं?

शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी 'राजाचे नवे कपडे' बसवलं होतं. तीच गोष्ट: ठग विणकर न दिसणारं कापड राजाला 'नेसवतात', सगळे वा वा करतात आणि एक पोरगं ओरडतं, राजा नागडा! त्यातल्या राजाची स्किन कलरची बनियन आणि त्यावरून पालकांच्या ग्रुपवर झालेलं रामायण सांगत बसत नाही. कट्ट्यावर वाद होता तो शेवटाचा. राजा त्या पोराच्या पाया पडून "बाळा, तू माझे डोळे उघडलेस" म्हणतो, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

"छान होतं की," नाना म्हणाले. "मुलांवर संस्कार नकोत? आणि सांगून ठेवतो, ही गोष्ट मुळात आपलीच. पंचतंत्रातली. गोऱ्यांनी ढापली."

नानांच्या हिशेबात विमान, प्लास्टिक सर्जरी आणि पिझ्झा हे सगळं आपलंच आहे, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. शुभदाताईंनी मात्र स्कूटी बंद केली. वाचनालय मिटवून घरी जाताना त्या "दोनच मिनिटं" थांबतात. भाजी पिशवीत सुकते, तरी थांबतात.

"पंचतंत्रातली नाही, नाना. पण जैन कथांमध्ये आहे. 'लीलावतीसार' म्हणून ग्रंथ आहे, तेराव्या शतकातला. हस्तिनापूरचा व्यापारी श्रावस्तीच्या राजाला गंडवतो. वस्त्र दिव्य, फक्त अनौरस माणसाला दिसत नाही. दरबार वा वा करतो, राजा मिरवायला निघतो आणि गावातली माणसं विचारतात, महाराज, तुम्ही नग्न मुनी झालात की काय?"

"मग मी काय म्हणत होतो!" नाना जवळजवळ उभेच राहिले.

"बसा. ही गोष्ट जगभर नेली ती डेन्मार्कच्या अँडरसन या लेखकानं, आणि त्याच्याकडे ती आली स्पेनच्या वाटेनं. डॉन हुआन मॅन्युएल या स्पॅनिश सरदाराचं १३३५ सालचं पुस्तक, त्यातली गोष्ट त्यानं जर्मन भाषांतरात वाचली. आणि मूळ स्पॅनिश आहे हे स्वतःच छापून सांगितलं. ढापणारा माणूस पावती देत नाही."

"पावतीचं नानांसमोर काढू नका," इतका वेळ काज करत बसलेला सदा टेलर म्हणाला. "सफारीची पावती माझ्याकडे अजून आहे."

हा सफारी नानांच्या मुलीच्या लग्नातला. त्या मुलीची मुलगी आता कॉलेजात जाते. नानांनी घाईघाईनं विषय डेन्मार्कला नेला.

मिल्याला गोष्टीतलं पोरगंच आवडतं. "खरा हीरो तो. मी आमच्या मीटिंगमध्ये तेच करतो. सरळ सांगतो, प्रॉडक्ट नागडं आहे."

"अप्रेझलच्या आधी सांगतोस की नंतर?" शुभदाताई.

मिल्या चहाकडे वळला. पण ताईंना सूर लागला होता.

"ते पोरगं आधी गोष्टीत नव्हतंच. मूळ लिखाणात राजा खूश, प्रजा खूश, मिरवणूक झकास, संपलं. छापखान्यातून प्रुफं आल्यावर अँडरसननं शेवट बदलला आणि पोराला आणलं. ७ एप्रिल १८३७ ला कोपनहेगनमध्ये पुस्तिका निघाली, त्याची 'जलपरी'ची गोष्टसुद्धा त्यातच. म्हणजे जगभर जे वाक्य लोक फेकतात, ते आयत्या वेळी घुसवलेलं."

"घ्या!" मिल्याला संधी मिळाली. "लेखकच शेवट बदलतो, मग बाईंनी बदलला तर एवढं काय?"

मुद्दा बरा होता, हे मान्य करायला हवं. ताईसुद्धा क्षणभर थांबल्या.

"त्यानं बदलून तिखट केला, बाईंनी गूळ घातला. वाच एकदा शेवट. पोरगं बोलतं, बाप म्हणतो ऐका या निष्पापाचं, कुजबुज सुरू होते, मग सगळा गाव ओरडतो. राजाला मनातून पटतं. पण तो काय करतो? आता मिरवणूक निभवायलाच हवी म्हणून आणखी ताठ चालतो. मागचे सरदार झग्याचा नसलेला घोळ आणखी नीट धरतात. कुणाची खुर्ची गेली नाही, ठग पकडले गेल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. पाया पडणं लांबच."

आपण सगळे ही गोष्ट ऐकताना पोराच्या जागी असतो, सरदारांच्या जागी कुणीच नसतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बोललो नाही. सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये मी टाळ्या वाजवल्या होत्या आणि मिल्याला ते आठवलं असतं.

"मला तर स्पॅनिश गोष्टीतला माणूस जास्त आवडतो," ताई म्हणाल्या. "तिथेही अट औरस-अनौरसाचीच. वस्त्र दिसलं नाही असं म्हणाल तर बापाची जहागीर जाईल. राजाचा घोडा सांभाळणारा एक काळा माणूस म्हणतो, मला कुणाचाही मुलगा समजा, मला काय फरक पडतो? तुम्ही नागडे आहात. जहागीरच नाही, तर जाणार काय! अँडरसननं बापाची अट काढून नोकरीची घातली. जो पदाला नालायक किंवा ठार मूर्ख, त्याला कापड दिसणार नाही. म्हणून ती आजही कुठल्याही ऑफिसात चालते."

"अँडरसन तरी बाणेदार होता ना?" नाना.

"आई धुणं धुवायची, बाप चांभारकाम करायचा. राजाची थट्टा छापली १८३७ मध्ये आणि १८३८ पासून राजाकडून दरसाल मानधन, ४०० रिक्सडालर, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन."

"मॅनेज झाला!" मिल्या ओरडला.

"भाडं कोण भरणार होतं, तू?"

इथे सदानं सुई टोचून ठेवली. "मला त्या विणकरांबद्दल बोलायचंय. तुम्ही त्यांना ठग म्हणता. अहो, रेशीम आगाऊ, सोन्याचा धागा आगाऊ, पैसे आगाऊ. रात्रभर दिवे लावून काम. आरशासमोर उभं करून ट्रायल दिली आणि गिऱ्हाईक 'झकास बसलंय' म्हणून गेलं. अल्टर एक नाही. असं गिऱ्हाईक मला एकदा तरी मिळालंय का?" आणि त्यानं नानांकडे पाहिलं.

नाना शांतपणे उठले, खिशात हात घातला, रिकामी मूठ सदाच्या हातावर उघडली. "घे. सगळे चुकते केले. शहाण्या माणसाला दिसतात."

शुभदाताई इतक्या हसल्या की स्कूटी स्टँडवरून घसरली आणि मेथी रस्त्यावर. सदा मात्र तळहात तसाच पुढे धरून होता. "नाना, यात पन्नास कमी आहेत."