‘फिश वायर घ्या, भिंत फोडायची गरजच नाही’ : फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

फिश वायर म्हणजे पाइपात आधी सारायची आणि तिला केबल बांधून परत ओढून घ्यायची लांब, लवचीक वायर. तिच्याबद्दल सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला वारंवार येतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा असतो : ‘नायलॉनची फिश वायर विकत घ्या. तिने कुठलीही केबल कुठल्याही भिंतीतून, छतातून ओढता येते. एक फिश वायर सगळ्याला पुरते. त्या खोलीचा एमसीबी (विजेच्या पेटीतला स्विच) पाडा की काम सुरक्षित. वायर अडकली तर तेल लावा आणि जोर लावून ओढा. इंटरनेटची केबल लाइटच्याच पाइपातून न्या, वेगळा पाइप लागत नाही. इलेक्ट्रिशियन भिंत फोडायला सांगतो तो बिल वाढवण्यासाठी.’

फिश वायर हे उत्तम साधन आहे आणि ज्याला घरातली छोटी कामं स्वतः करायची आवड आहे त्याने ती जरूर बाळगावी. पण या सल्ल्यातली बाकीची विधानं चुकीची आहेत, आणि त्यातलं एक तर जीव घेऊ शकतं. म्हणून एकेक विधान घेऊन लिहितो.

‘कुठल्याही भिंतीतून, छतातून’

हा समज बहुतेक अमेरिकन व्हिडिओंमधून आलेला आहे. तिथल्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्याच्या असतात. साधारण सोळा इंचांवर उभ्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड आणि मध्ये पोकळी. वरून सळई सोडली, खाली भोक पाडून लोहचुंबकाने ओढून घेतली की केबल आली. आपल्याकडची भिंत विटांची असते, एएसी म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकची असते, नाहीतर नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटची. ती भरीव असते. तिच्यातून केबल जाते ती फक्त आधी टाकून ठेवलेल्या पीव्हीसी पाइपातून. स्लॅबमधला पाइप काँक्रीट ओतण्याआधी गजांच्या जाळीत बांधलेला असतो, तो फॅन बॉक्सांपर्यंत पोचतो, आणि तिथून भिंतीतल्या चरातून स्विचबोर्डात उतरतो.

तेव्हा पहिला प्रश्न साधनाचा नाहीच. जिथून जिथे केबल न्यायची आहे तिथे पाइप आहे का, हा आहे. हे शोधायला भिंतीला कान लावायची गरज नसते. वीज पूर्ण बंद करून (ती कशी, ते पुढे येईल) दोन्ही टोकांचे बोर्ड उघडा आणि बॉक्समध्ये पाइपांची किती तोंडं दिसतात ते पाहा. फिश वायर एका तोंडातून आत सारा आणि ती कुठल्या बॉक्समध्ये निघते ते बघा. सगळ्या बॉक्सांचा असा एक कच्चा नकाशा कागदावर काढला की निम्मं काम झालं. पाइपच नसेल तर जगातली कुठलीही फिश वायर उपयोगाची नाही. मग चर मारून पाइप टाका, भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची, म्हणजे झाकणवाली पट्टी न्या, किंवा फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वरून जा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत पिढ्यान्‌पिढ्या पट्टीच लावत आले. त्यात कमीपणा काही नाही, आणि बिघाड झाला तर पट्टीचं झाकण काढताच दिसतो.

चर किंवा भोक पाडायचंच असेल तर बीम आणि कॉलमला हात लावू नका. आतला गज कापला गेला तर ते नुकसान प्लास्टरने भरून निघत नाही. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू नका, पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. भिंत तपासणारं डिटेक्टर मदत करतं, पण ओल्या भिंतीवर ते फसवं दाखवू शकतं आणि रिकामा पीव्हीसी पाइप त्याला सहसा कळत नाही.

‘एक फिश वायर सगळ्याला पुरते’

नाही पुरत. पुढे स्प्रिंगचं लवचीक डोकं असलेली नायलॉनची वायर वळणांतून चांगली जाते आणि आतल्या तारांना फारशी खरवडत नाही. ज्या पाइपात आधीच तारा आहेत तिथे तीच हवी. पण लांब, सरळ, रिकाम्या पाइपात ती मऊ पडते, रेटा पुढे पोचत नाही. तिथे स्टीलची चपटी टेप सरस. ‘स्टील मजबूत म्हणून सगळीकडे स्टीलच’ असं मात्र कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. स्टील वीज वाहून नेतं आणि त्याची कड तारेचं इन्सुलेशन सोलते. तारा असलेल्या पाइपात ते घालायचं नाही. घरातली जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार वाकवून घालणाऱ्यांनाही हेच लागू.

फॉल्स सीलिंगच्या वर दोन्ही निकामी. उघड्या जागेत त्या लोंबतात, गुंडाळी होऊन पडतात. तिथे एकमेकांत पिळून जोडायच्या फायबरग्लासच्या सळया लागतात. त्या हातमोजे घालूनच हाताळाव्यात, काचेच्या धाग्याची बारीक कूस चामडीत शिरली की निघता निघत नाही. सीलिंगच्या सांगाड्यातल्या जीआय चॅनेलच्या कडा धारदार असतात, त्यामुळे केबल त्यांच्यावरून घासत ओढू नका. आणि ओढून झाल्यावर ती सीलिंगच्या बोर्डावर तशीच टाकू नका, पाइपात घाला किंवा क्लिपने बांधा, दिव्यांच्या उष्णतेपासून दूर.

‘त्या खोलीचा एमसीबी पाडला की काम सुरक्षित’

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. बाकीच्या बहुतेक चुकांनी केबल वाया जाते, या चुकीने माणूस जातो.

आपल्या घरांतल्या एका पाइपातून अनेकदा दोन-तीन सर्किटच्या तारा जातात. हॉलचा एमसीबी पाडला तरी त्याच पाइपातली शेजारच्या खोलीची तार जिवंत असते. साधा एक-पोली एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. आणि कुणीतरी कधीतरी दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला असेल, तर बंद समजलेल्या सर्किटच्या न्यूट्रलमधूनही झटका बसू शकतो.

मग मेन स्विच पाडला तर? तेव्हा इन्व्हर्टर आठवा. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि अजून आहेत. मेन बंद होताच त्याला वाटतं वीज गेली, आणि तो २३० व्होल्ट घरात सोडायला लागतो. पंख्या-दिव्यांच्या ज्या तारा तुम्ही मेलेल्या समजता त्याच तो जिवंत ठेवतो. मेन पाडण्याआधी इन्व्हर्टर त्याच्या बटणावर बंद करा आणि त्याची आउटपुट लाइन वेगळी करा.

आणखी एक जागा आहे. ती फार थोड्यांच्या लक्षात येते. फिश वायर एका बोर्डातून सारली की ती डिस्ट्रिब्यूशन बॉक्समध्ये (डीबी, एमसीबी बसवलेली पेटी) निघू शकते. त्या बॉक्समधला मेन पाडलेला असला तरी मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणारी तार जिवंतच असते. आत सारलेली स्टीलची टेप तिथे टेकली, आणि दुसरं टोक तुमच्या हातात. म्हणून डीबीकडे जाणाऱ्या पाइपात काम असेल तर वीज मीटर रूममध्येच तोडावी लागते, तीही जबाबदार माणसाकडून, आणि कुणी चुकून परत चालू करणार नाही अशी व्यवस्था करून.

बंद केल्यावर तपासायचं. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो हे पाहा, मग कामाच्या जागी प्रत्येक तारेला लावा, मग परत चालू जागी लावून पाहा. तारेला न टेकवता वाजणारा टेस्टर सोयीचा असतो, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर तारेला हात लावू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे वीज गळली की पडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं, पण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर तोही वाचवत नाही, कारण जमिनीकडे काही गळतच नाही.

‘अडकली तर तेल लावा, जोर लावून ओढा’

खनिज तेल, ग्रीस, व्हॅसलीन हे पीव्हीसी आणि रबराच्या इन्सुलेशनला कालांतराने खराब करतात. खोबरेलावर कालांतराने धूळ चिकटून बसते आणि पुढच्या वेळी तारा ओढणं अवघड होतं. जाणकार वायरमन शंखजिऱ्याची पावडर वापरतात, दुकानात ती फ्रेंच चॉक म्हणून मिळते. नाहीतर केबल ओढण्यासाठीच बनवलेलं पाण्यावर आधारलेलं जेल घ्या.

जोराबद्दल. लॅनच्या, म्हणजे राउटरला जोडायच्या चार जोड्यांच्या इंटरनेट केबलला ओढताना ११० न्यूटनच्या वर ताण देऊ नये असं मानक आहे. म्हणजे सुमारे अकरा किलो वजन लटकवावं इतका. दोन माणसांनी पाय रोवून ओढलं की तो सहज ओलांडला जातो. केबल तुटत नाही, बाहेरून चांगलीच दिसते, पण आतल्या तारांच्या जोड्यांचे पीळ ताणले जातात आणि वेग कमी का मिळतो ते कधीच कळत नाही. स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर ती आतल्या आत तुटतेही. पाइपात आधीच तारा असताना वरून नवी वायर जोरात घासत नेली तर जुन्या तारांचं इन्सुलेशन घर्षणाने कापलं जाऊ शकतं.

अडकण्याची कारणं शोधा. वळणं फार असतील : अमेरिकेच्या विद्युत संहितेत दोन बॉक्सांमधल्या वळणांची बेरीज ३६० अंशांच्या, म्हणजे चार काटकोनांच्या वर नको असं म्हटलं आहे आणि आपल्याकडेही हा हिशेब धरावा. फिश वायरला तारा बांधल्याची गाठ जाड असेल : सगळ्या तारांचे वेढे एका जागी घालू नका. पुढे-मागे घाला आणि वर चिकटटेप निमुळती गुंडाळा. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने पलीकडून तारा सरळ करत सारायच्या, ओढणाऱ्याने झटका द्यायचा नाही. फिश वायर जिथे थांबते तिथे तिच्यावर खूण करा, बाहेर काढून लांबी मोजा, मग दुसऱ्या टोकाकडून तसंच करा. अडथळा कुठे आहे ते हातभर अंतरात कळतं. पाइप रिकामा असेल तर दोऱ्याला पातळ प्लास्टिकचा तुकडा बांधून दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. जिथे फिश वायर जात नाही तिथून दोरा अनेकदा जातो.

आणि कधीकधी काहीच जात नाही. स्लॅब ओतताना पाइपाचा जोड सुटलेला असतो, सिमेंटचा रस आत जाऊन घट्ट झालेला असतो. त्यावर जोर हा उपाय नाही.

‘इंटरनेटची केबल लाइटच्याच पाइपातून’

लोक याचं कारण ‘सिग्नलला त्रास होतो’ एवढंच सांगतात. खरं कारण सुरक्षेचं आहे. विजेच्या वायरचं इन्सुलेशन ११०० व्होल्टच्या वर्गाचं असतं. लॅन केबलचं २३० व्होल्ट सोसण्यासाठी बनवलेलंच नसतं. पाइपात कुठे तार सोलली गेली तर वीज लॅनच्या तांब्यातून थेट राउटरपर्यंत, आणि लॅपटॉपला हात लावलेल्या मुलापर्यंत येऊ शकते. पाइप वेगळा, बॉक्सही वेगळा.

‘फायबर तर काच आहे, त्यातून वीज कुठे जाते?’ असं विचारतात. काचेतून जात नाही. पण घरापर्यंत येणाऱ्या चपट्या फायबर केबलमध्ये ताण सोसण्यासाठी अनेकदा स्टीलची तार असते. तिच्यातून जाते.

फायबरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. केबलच्या टोकाच्या हिरव्या कनेक्टरला फिश वायर बांधून ओढू नका, ताण केबलच्या आतल्या मजबुतीच्या तारेवर किंवा धाग्यावर आला पाहिजे. कनेक्टर नसलेली केबल ओढून नंतर टोक बसवून घेणं सर्वांत बरं, कारण उजेड जातो तो गाभा फक्त नऊ मायक्रॉनचा असतो आणि पाइपातल्या धुळीचा एक कण तो अडवतो. वळण किती घट्ट चालेल ते फायबरच्या प्रकारावर ठरतं : जुन्या जी.६५२ ला ३० मिलिमीटर त्रिज्या लागते, जी.६५७.ए२ ला साडेसात पुरते. सहा मिलिमीटर जाडीच्या लॅन केबलला तिच्या जाडीच्या चौपट, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर.

‘भिंत फोडायला सांगतो तो बिल वाढवण्यासाठी’

फसवणारे असतात, मान्य. पण पाइप सिमेंटने बुजलेला असेल, किंवा त्यात जागाच उरली नसेल, तर अडथळ्याच्या जागी वीतभर भिंत उघडणं हेच प्रामाणिक काम आहे. आत जागा भरलेली असताना एसीची जाड तार कोंबणारा तुमचे पैसे वाचवत नाही. कोंबलेल्या तारांची उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन लवकर कडक होतं. शंका असेल तर त्याला सांगा, ‘फिश वायर घालून अडलेली जागा मला मोजून दाखवा.’ काम येणारा माणूस आनंदाने दाखवतो.

विजेच्या जोडणीत भर घालणं, ती बदलणं हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावं असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. दिवा, पंखा, स्विच बदलण्याला त्यात सूट आहे. रिकाम्या, वेगळ्या पाइपातून लॅन किंवा फायबर ओढणं मात्र तुम्ही स्वतः निश्चिंत करा.

घर अजून बांधलं जात असेल किंवा नूतनीकरण चालू असेल, तर आत्ताच प्रत्येक खोलीपर्यंत २५ मिलिमीटरचा एक वेगळा रिकामा पाइप मागून घ्या, त्यात ओढायची तार सोडून ठेवायला सांगा, आणि प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढा.